सज्ज्याची सळई

ता. ९ मार्च

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं की तुम्ही 'लोक माझ्यात आंघोळीला यायचेत का' असं विचारता, म्हणून नुसतं प्रिय. मी बरी आहे. खोकला गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा नळ अजून ठिबकतो आणि मला अजून त्याचे थेंब मोजत झोप लागते. आईला सांगा, गुडघ्याची गोळी जेवणानंतर घ्यायची असते, आठवण आली की नव्हे. ती म्हणेल, 'परगावी राहून माझ्यावर पहारा.' म्हणू दे.

फोन सोडून पत्र कशाला, हे तुमच्या मनात आलंच असेल. फोनवर मी 'बाबा, एक सांगायचंय' म्हटलं की तुम्ही 'आधी जेवलीस का ते सांग' म्हणता, आणि तेवढ्यात माझा धीर पळतो. पत्रात तुम्हाला मला मधे तोडता येत नाही. शिवाय लिहिलेलं तपासता येतं. हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन फाडली, त्यांत मी माफी फार मागत होते.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. माझ्या शिक्षक-पुरस्काराचं काय झालं आणि तुम्हाला मिळणाऱ्या तशाच पुरस्काराच्या समारंभात मी तुमच्याबद्दल चार शब्द बोलेन का. पहिलीचं उत्तर सोपं आहे: हुकला. दुसरीचं उत्तर देताना मी अडखळतेय. तुम्ही म्हणालात, 'फक्त खड्याबद्दल बोल, मुलांनी त्यासाठीच मला निवडलंय.' बाबा, त्या खड्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे आणि ती तुम्हाला माहीत नाही. ती मनात ठेवून मी व्यासपीठावर उभी राहिले तर खोटं बोलेन. तुम्हाला सांगितली तर कदाचित तुम्ही माझ्याशी बोलायचा नाहीत. यातलं एक मला निवडायचं होतं. निवडलंय. पण आधी माझ्या पराभवाची हकिगत ऐका, कारण ती घडली नसती तर मला तोंड उघडायला सुचलं नसतं.

आमच्याकडेही पद्धत तुमच्यासारखीच आहे. विद्यार्थी नाव सुचवतात, का सुचवलं ते चार ओळींत लिहितात, आणि ज्यांची नावं पुढे जातात त्यांच्या एकेका तासाला निवड समितीची माणसं मागे येऊन बसतात. माझं नाव माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परिचारिका-वर्गानं सुचवलं. हे कळलं त्या दिवशी मी इतकी घाबरले की विभागप्रमुखांना जाऊन विचारलं, चुकून तर नाही ना. ते म्हणाले, "चुकून एखाद्याला शिव्या पडतात हो, पुरस्कार नाही." मुलांनी कारण काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'मॅडम रोज एक चूक पेरतात आणि ती सापडेपर्यंत सोडत नाहीत.' म्हणजे तुमचाच खडा. तुम्ही जेवणाच्या टेबलावर मला दिलेला.

मला आठवतं तेव्हापासून आपल्या घरात गणितात खडा असायचा. दम्यामुळे शाळेत उशिरा गेले ते बरंच झालं. माझी शाळा म्हणजे आई आणि तुम्ही. आई वाचायला शिकवायची, तिच्यात कुठे फसवणूक नसायची. तुम्ही मात्र हसत हसत गणित सोडवून दाखवायचात आणि मधेच कुठेतरी खोटी पायरी घालायचात. तांदळात खडा असावा तशी. ज्यानं खडा टाकला त्यानं तो स्वतः काढायचा नाही, हा घरचा कायदा. आई ओरडायची, 'जेवण गार होतंय, एकदाचा सांगून टाका तिला.' तुम्ही सांगायचा नाहीत. मी रडायचे, आणि मग सापडायचा. त्यानंतर कुठल्याही छापील पुस्तकावर माझा आंधळा विश्वास बसला नाही. रुग्णाला औषध देणाऱ्या मुलींना शिकवताना मला याहून उपयोगी दुसरं काही माहीत नाही.

तर समितीचा तास. मी त्या दिवशी वर्गात शिरले तेव्हाच ओळखायला हवं होतं. एरवी निम्मी मंडळी पाच-दहा मिनिटांनी चपला घासत येतात, त्या दिवशी सगळी आधीच बसलेली. कोट इस्त्रीचे. फळा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेला. आमच्याकडे एक मुलगी आहे, वर्ग तिला 'वकील' म्हणतो, कारण ती हजेरीलासुद्धा हरकत घेते. ती हात बांधून पहिल्या बाकावर बसलेली, एखाद्या पूजेला बसावं तशी. मी विचारायचा अवकाश, उत्तरं एका सुरात येत होती. मागे समितीच्या बाई आणि त्यांच्याबरोबरचा विद्यार्थी प्रतिनिधी काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, वा, वर्ग तयार झाला. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या.

मग मी फळ्यावर एका लहान मुलाच्या तापाच्या औषधाचं गणित मांडलं. वजन इतकं, किलोमागे औषध इतकं, बाटलीत ते अमुक प्रमाणात, तर मुलाला किती पाजायचं. उत्तर येतं एक चमचा. मी दशांशचिन्ह एक घर सरकवलं आणि दहा चमचे लिहिले. तो आठवडा दशांशचिन्हाचाच चालला होता, खडा काही अवघड नव्हता. झोपेतसुद्धा सापडावा असा.

मी वाट पाहिली. मी विचारलं, बरोबर आहे? सगळे म्हणाले, हो मॅडम.

बाबा, त्यांना दिसला होता. मी त्यांच्याकडे पाहत होते ना. वकिलीणबाईंचं पेन उत्तराच्या अलीकडे थांबलं होतं, पुढे सरकत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजारणीला कोपरानं ढोसत होता आणि ती त्याला डोळ्यांनी दटावत होती. पण हात एकाचाही वर नाही. तास संपल्याची घंटा झाली. समितीच्या बाईंनी पिशवी उचलली. मी म्हटलं, कुणी उठू नका. खडा मी काढू शकत नव्हते, तो आपला कायदा. आणि फळ्यावर ते दहा चमचे तसेच सोडून जाणं मला जमेना. मग मी माझ्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतलं, मोजून दहा चमचे, आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. म्हटलं, हे घ्या औषध. मूल बाहेर आहे. कोण पाजतंय?

मग ती वकील उठली. एरवी तिचा आवाज जिन्यापर्यंत जातो, त्या दिवशी मला पुढे होऊन ऐकावं लागलं.

"मॅडम, आम्हाला वाटलं तुम्ही समितीमुळे घाबरून खरंच चुकलात. आज खडा टाकाल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचं ठरलं होतं, आज तुम्हाला मान खाली घालायला लावायची नाही."

मी म्हटलं, "मी खरंच चुकले असते, तर मूल वाचलं असतं का?"

ती खाली बसली नाही. उभीच राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ओरडले नव्हते मी, पण ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. आदल्या दिवशी त्यांनी उपाहारगृहात सभा भरवून हे ठरवलं होतं, हे नंतर कळलं. कुणी वेडेवाकडे प्रश्न विचारायचे नाहीत, वकिलीणबाईंनी तर तोंडच उघडायचं नाही. सगळं माझ्यासाठी.

बाहेर पडताना समितीच्या बाई मला म्हणाल्या, "मुलांचा तुमच्यावर जीव आहे, हे दिसलं." मी आभार मानले. त्या म्हणाल्या, "ते कौतुक नव्हतं." अहवालात त्यांनी लिहिलं की वर्ग शिक्षिकेला तिची चूक सांगायला कचरतो. पुरस्कार शरीररचनेच्या मॅडमना मिळाला. त्यांच्या वर्गातून इतकी भांडाभांडी ऐकू येते की एकदा मी काळजीनं दार ठोठावलं होतं. योग्य माणसाला गेला. मला वाईट वाटलं, पण जेवढं वाटेल अशी भीती होती त्याच्या निम्मंही नाही. मी त्या तासाला जे केलं ते पुन्हा तसंच करेन. एवढी खात्री मला स्वतःबद्दल फार कमी वेळा वाटलीय, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.

आता दुसरं.

समितीच्या त्या तासाआधी मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा तुम्ही मला तुमच्या अभियांत्रिकीच्या वर्गाला नेलंत. 'मागे बस आणि बघ म्हातारा काय करतो ते,' म्हणालात. तास सज्ज्याचा होता. भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा, त्याचं पुढचं टोक खाली झुकू पाहतं, म्हणून ताण त्याच्या वरच्या अंगाला येतो आणि काँक्रीटमधली सळई वर घालावी लागते. खाली घातली तर सज्जा एक दिवस माणसांसकट कोसळतो. तुमचा खडा म्हणजे तुम्ही सळई खाली काढता.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, दुसऱ्या शाखेची समजली असावी. तुम्ही खडू उचलला आणि ती मला कुजबुजत म्हणाली, आता बघ, सळई खाली काढतील. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे दरवर्षी काढतात, वरच्या वर्गातली मुलं सांगून जातात, कुठल्या धड्याला कुठला खडा ते. आज खिडकीकडच्या रांगेची पाळी आहे, चूक पकडायची.

"पाळी कशाला?" मी विचारलं.

"सगळे एकदम ओरडलो तर सरांना कळेल ना! आणि लगेच नाही सांगायचं, आधी जरा डोकं खाजवायचं." मग ती हसली आणि म्हणाली, "सरांना इतका आनंद होतो ग."

तसंच झालं. तुम्ही सळई खाली काढलीत, मागे सरलात, वाट पाहिलीत. खिडकीशी बसलेल्या मुलानं डोकं खाजवलं, वहीत पाहिलं, छतात पाहिलं, आणि हात वर केला. तुमचा चेहरा उजळला. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात, जणू म्हणालात, पाहिलंस? मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात. संध्याकाळी आईनं विचारलं कसा झाला तास, मी म्हटलं छान.

आणखी एक. त्याच गणितात तुम्ही सज्ज्याच्या कठड्याचं वजन धरलं नाहीत. मी अभियंता नाही, पण तुमच्या हाताखाली वाढलेय. हे माझ्या लक्षात आलं आणि वर्गातल्या एकाच्याही आलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्या तासाचा खडा सापडून झाला होता. पुढे कुणी बघतच नव्हतं.

हे मी तेव्हाच का नाही सांगितलं? माझ्या वर्गानं मला का नाही सांगितलं, तेच कारण. त्या मुलांवर मी चिडले तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की मी स्वतः त्यांच्यातलीच एक, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली. समितीच्या तासानंतर घरी जाऊन रात्रीचं भांडं घासताना कळलं आणि भांडं हातातच राहिलं.

मुलांचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. खोटं आहे ते त्यांचं चूक पकडणं. आणि ही मुलं उद्या माणसं राहतील अशी घरं बांधणार आहेत.

तुमच्या नोकरीचे शेवटचे काही महिने आहेत, आता कशाला, असं आई म्हणेल. मला नेमकं उलट वाटतं. काही महिने आहेत म्हणूनच. तुमची दुसरी तुकडी अजून सज्ज्यापर्यंत आलेली नाही ना? त्यांना शिकवताना एकदा सळई बरोबर काढा. वर. खडा टाकूच नका. आणि नेहमीसारखे मागे सरून वाट पाहा. मी चुकीची असेन तर कुणी काही बोलणार नाही, आणि मी तुमच्या समारंभात येऊन, तुम्ही सांगाल ते, सांगाल तेवढा वेळ बोलेन.

तुम्ही हे करून पाहिलं नाहीत तरी मी येईन. आईशेजारी बसेन, तुमचा फोटो काढेन. पण बोलणार नाही. एवढं एक तुमच्यासाठीसुद्धा मला जमणार नाही, बाबा.

हे पत्र घाबरत का होईना, पण पेटीत टाकणार, अशी

तुमची
मुंगी


ता. २६ मार्च

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. त्याआधीचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन आईच उचलायची. बाबा कुठे आहेत विचारलं की म्हणायची, "आहेत, पेपर वाचतायत. उलटा." मी विचारलं, फार चिडलेत का? तर म्हणाली, चिडलेले असते तर आवाज आला असता, हे काहीतरी वेगळंच आहे. मी दोन वेळा बॅग भरली आणि दोन्ही वेळा रिकामी केली. माफीचं पत्र मात्र लिहिलं नाही. लिहायला बसले होते, पण माफी मागावी असं वाक्य पहिल्या पत्रात सापडेना.

सापडलं ते आता, तुमचं पत्र वाचून. कठडा. तुम्ही लिहिलंयत, 'कठड्याचं वजन आदल्या तासाला धरून झालं होतं. आदल्या तासाला तू नव्हतीस. पुरी माहिती नसताना हरकत घ्यायला मी तुला शिकवलं नव्हतं.' हे वाक्य तुम्ही इतक्या जोरात लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. मान्य. चुकले. हे वाचून मला लाज वाटायला हवी होती, पण मी मोठ्यानं हसले, कारण तुमच्या पत्राची सुरुवात त्या वाक्यानं झाली याचा अर्थ तुम्ही माझ्याशी बोलत होतात.

पुढचं पान मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या तुकडीला सज्जा शिकवलात. सळई वर काढलीत, जिथे ती हवी तिथे. मागे सरलात. आणि दाराकडच्या रांगेतल्या, ज्याची पाळी होती त्या मुलानं डोकं खाजवलं, छतात पाहिलं, हात वर केला आणि म्हणाला, सर, सळई चुकली, ती वर हवी.

तुम्ही विचारलंत, "कुठे आहे?"

तो म्हणाला, "खाली." मग त्यानं फळ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, असं तुम्ही लिहिलंयत.

त्या मुलाचं काय झालं असेल याची मी कल्पना करू शकते. तुम्ही स्वतःबद्दल फक्त एवढंच लिहिलंत की 'मी खुर्ची ओढून बसलो.' तुम्ही वर्गात बसलेले मला माहीत नाही. पाठ धरली होती त्या वर्षीही उभ्यानं शिकवलंत.

मग मुलांनी तुम्हाला सगळं सांगितलं. पाळ्या, डोकं खाजवणं, कुठल्या धड्याला काय. तुम्ही रागावला नाहीत, हे ते सगळे बाहेर येऊन एकमेकांना सांगत होते, असं आईला तुमच्या शिपायाकडून कळलं. तुम्ही म्हणालात म्हणे, पुरस्कार घेत नाही, तो ज्या गोष्टीसाठी देताय ती गोष्टच या खोलीत घडत नव्हती. आणि मग एक मुलगी, माझी कुजबुजणारी पहिल्या तुकडीतली, म्हणजे ही वेगळी, पण तुम्ही 'मागच्या बाकावरची एक अगाऊ मुलगी' असं वर्णन केलंयत तेव्हा मला तीच आठवली, उभी राहून म्हणाली,

"सर, आमच्या बाकीच्या कुठल्याच तासाला 'सर, तुमचं चुकलं' असं म्हणता येत नाही. एका तासाला तरी म्हणता यावं, म्हणून आम्ही ते सांभाळून ठेवलं होतं."

तुम्ही पत्राच्या शेवटी मला विचारलंयत, अशा वेळी काय करायचं, पुरस्कार घ्यायचा की नाही. बाबा, आजवर तुम्ही मला काय करायचं असं कधी विचारलं नव्हतं. बसचं तिकीट कुठे काढायचं हेसुद्धा नाही. म्हणून मी उत्तर घाईनं देत नाही, दोन दिवस घेतले.

घ्या. त्या मुलीचं वाक्य ऐकल्यावर मला शंका उरली नाही, आणि मला शंका न उरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ती मुलं नाटक करत होती हे खरं. पण नाटक कसलं, तर विद्यार्थ्यानं उभं राहून चूक दाखवायची आणि शिक्षकानं खूश व्हायचं. ते कुणी शिकवल्याशिवाय सुचत नाही. खडे जुने झाले एवढंच झालंय. जुने खडे बदलता येतात. ज्या वर्गाला चूक सांगितलेली चालते हेच माहीत नाही, त्या वर्गाचं काही करता येत नाही. पुरस्कार नाकारलात तर मुलं एकच धडा घेतील, की सरांना खरं सांगितलं आणि सर निघून गेले. मग पुढच्या वेळी कुणी कुणाला सांगणार नाही. माझी वकील त्या तासानंतर आठवडाभर गप्प होती. मी रोज जाऊन तिच्याशी मुद्दाम वाद घातला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. परवा तिनं मला सांगितलं की माझी हजेरी घ्यायची पद्धत अन्यायकारक आहे. मी तिला म्हटलं, लेखी दे. दिलं! आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

आई म्हणाली तुम्ही आता संध्याकाळचे नवे खडे घडवत बसता आणि तिच्यावर ते तपासून बघता. 'हा कळतो का ग?' विचारता. ती म्हणते, "मला सळई आणि सुतळी सारखीच, मला काय विचारता?" पण परवा तिनं एक पकडला, असं अभिमानानं सांगत होती. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तो तुम्ही टाकलेला नव्हता. तुम्ही मान्य केलंत का, हे विचारल्यावर ती म्हणाली, "जेवण झाल्यावर केलं."

आता समारंभाचं. मी शुक्रवारी येते. बोलायचं मी लिहून काढलंय आणि ते तुम्हाला आधी दाखवणार नाही. त्यात टेबलावरची गणितं आहेत, माझे दहा चमचे आहेत, पाळ्या आहेत, वर असलेली सळई आहे, तुमचं खुर्ची ओढून बसणं आहे. एवढ्या लोकांसमोर हे सांगू का, हे मी तुम्हाला विचारत नाहीये, कारण तुम्ही पत्राखाली तळटीप टाकावी तसं एक वाक्य लिहिलंयत, 'बोलायला येणार असशील तर सगळं बोल.' तुमच्याकडून मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी परवानगी आहे. मी ती वापरणार आहे.

फक्त त्या मुलाचा, चुकीच्या वेळी हात वर केलेल्याचा, मी उल्लेख करणार नाही. तो सभागृहात असेल आणि सगळ्यांना माहीत असेल तो कोण. त्याच्याऐवजी मी टाळ्या वाजवणाऱ्या मुलीबद्दल बोलेन, शेवटच्या बाकावरच्या. तिला मी ओळखते.

मला भीती वाटतेय का? हो. माझा आवाज पहिल्या वाक्याला चिरकेल, मग ठीक होईल, नेहमी तसंच होतं. त्याबद्दल आईनं तोंडावर पदर धरू नये, तिला बजावून ठेवा.

तुम्ही पहिल्या रांगेत असाल. मी काही चुकीचं सांगितलं, तुमच्याबद्दल, मुलांबद्दल, सज्ज्याबद्दल, कशाबद्दलही, तर तिथेच हात वर करा. समारंभ आहे, पाहुणे आहेत, लेक आहे, म्हणून गप्प बसू नका. मी थांबेन आणि ऐकून घेईन.

येतेय, आणि बोलणार आहे.

मुंगी